नवजात बाळाला रात्री झोपवायचं कुठे? पाळणा, झोळी, क्रिब की आपल्याच शेजारी?

रेवती_कराड
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आलीच. दिवाळीच्या आसपास ड्यू डेट आहे, पहिलंच बाळ. बाळंतपणाला माहेरी कराडला आलेय, नंतर परत पुण्याला वाकडच्या आमच्या वन बीएचकेत. प्रश्न साधाच आहे पण घरातलं प्रत्येक माणूस वेगळं उत्तर देतंय. आईने माळ्यावरून पाळणा काढलाय, सागवानी, पितळी कड्यांचा, वर राघू-मैना टांगायला खुंट्या, मामापासून आम्ही सगळे त्यातच झोपलोय म्हणे. सासूबाई म्हणतात पाळणा बारशापुरता, बाळ आईच्या कुशीतच हवं. नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाचं तरी ऐकून मोठा क्रिब (कठड्याची बाळाची खाट) विशलिस्टला टाकलाय, तो आमच्या बेडरूममध्ये ठेवला तर कपाटाचं दार उघडणार नाही हे टेप लावून दाखवलं तरी पटत नाहीये. आणि मालीशवाल्या मावशी आत्तापासूनच सांगून गेल्या की झोळी बांधा, पोर तीन तास हलत नाही.
तर तुम्ही काय केलंत आणि का ते लिहा प्लीज. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे घरी ऐकून झालंय :)

नाशिकची_काकू
तेच लिहायला बंदी घातलीस तर मी लिहू काय गं! असो. आमच्याकडे दोन्ही पोरं माझ्या शेजारी वाढली, पण पलंगावर नाही हो, खाली. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी, अशी टणक की पाठ दुखायची, त्यावर बाळाचं दुपटं आणि बाळोती, पलीकडे माझी चटई. ह्यांना बाहेरच्या खोलीत पाठवलं होतं, घोरणं आणि पाय टाकणं दोन्हीत पहिला नंबर. पाळणा दिवसा. स्वयंपाकघरातून दोरी ओढायची आणि पोळ्या लाटायच्या. हल्लीच्या त्या फोमच्या गाद्यांवर मात्र बाळाला मी ठेवणार नाही, माणूसच आत रुततो तिथे बाळाचं काय.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे डिस्चार्जच्या आधी नर्सने बसवून सांगितलं, पाठीवर, सपाट, टणक, एकटं, आणि तुमच्याच खोलीत. बासिनेट (बाळाची छोटीशी खाट) बेडला लावून ठेवलं होतं, त्यात फक्त ताणून बसवलेली चादर, बाकी काही नाही, ना उशी ना टेडी ना रजई. इथे आधी बाळांना पालथं झोपवायची पद्धत होती. 1992 मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने (तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) पालथं झोपवू नका असं सांगितलं, 1994 पासून मोठी मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. क्रिबच्या कडेला बांधतात ते गुबगुबीत बंपर आणि बाळाला तिरकं झोपवायचे स्लीपर यांच्यावर तर 2022 मध्ये कायद्यानेच बंदी आली. भारतातल्या साइट्सवर तेच बंपर सेटमध्ये फ्री मिळतायत, गेल्या वेळी बहिणीसाठी शोधताना बघितलं.

नाशिकची_काकू
म्हणजे पाठीवर झोपवायचं हे आम्ही आधीपासून बरोबर करत होतो आणि अमेरिकेला 1992 ला कळलं. लिहून ठेवा कुठेतरी.

पाटील_सांगली
काकू _/\_
आमच्यात झोळीच. आईची जुनी नऊवारी, तुळईला बांधलेली, धाकट्याचं पहिलं वर्ष तिच्यातच गेलं. ऊसतोडीला येतात त्या बायका तर बांधावरच्या झाडाला झोळी बांधून काम करतात, खाली ठेवलं तर मुंग्या, किरडू, कुत्रं, काय काय असतंय. गरिबाला झोळीसारखं दुसरं काय हाय सांगा. शहरात बसून नावं ठेवणं सोपं आहे.

न्यूजर्सीकर
@पाटील, झोळीबद्दल मी एक शब्द लिहिलेला नाही हो :(

वजनकाटा
मी बालरोगतज्ज्ञ आहे, गावाचं नाव नको. इथे लिहिलेलं म्हणजे तपासणी नव्हे, तुमच्या बाळाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पाटील, बांधावरच्या बाईला झोळी सोडायला सांगणार नाही मी, तिथे जमिनीवरचा धोका खरंच मोठा आहे आणि ती दहा पावलांवर असते. पण रेवतीच्या घरी रात्रभर झोळी नको. कारण सांगते. झोळीत बाळाची पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. नवजात बाळाची श्वासनलिका अगदी अरुंद आणि मऊ असते, मान अशी दुमडली की ती चिमटते आणि मान वर उचलायची ताकद त्याच्यात अजून आलेली नसते. बाळ रडत नाही, धडपडत नाही, त्यामुळे बाहेरून "किती शांत झोपलंय" असंच वाटतं. वरून कापड तोंडावर येतं ते वेगळंच. कार सीट, बाउन्सर (बाळाची हलती खुर्ची), झोका या सगळ्याला हेच कारण लागू आहे. जागेपणी, नजरेसमोर थोडा वेळ ठीक, झोप लागली की उचलून सपाट जागी.

आता आईच्या कुशीबद्दल. अमेरिकन अ‍ॅकॅडमीचं 2022 चं मत स्पष्ट आहे, निदान पहिले सहा महिने बाळ आईबाबांच्या खोलीत पण वेगळ्या पृष्ठभागावर. मीही तेच सांगते. पण ओपीडीत बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन कुशीत घेऊन झोपतात हेही मला माहीत आहे, म्हणून सरळ विचारते, रात्री अडीच वाजता दूध पाजताना तुझा डोळा लागणार आहे, तेव्हा तू कुठे बसलेली असशील? सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत असशील तर ती सगळ्यात वाईट जागा. बाळ हात आणि कुशनच्या फटीत घसरतं. डोळा लागायची शक्यता असेल तर त्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला सारलेली अंथरुणाची जागा कमी धोक्याची, आणि जाग आली की बाळ लगेच त्याच्या जागी.

कुशीत अजिबात नको अशी परिस्थितीही असते. घरात कुणी सिगरेट-विडी ओढतं, दोघांपैकी कुणी दारू घेतलीय किंवा गुंगी आणणारं औषध चालू आहे, बाळ 37 आठवड्यांच्या आधीचं किंवा अडीच किलोच्या खालचं आहे. आणि चार महिन्यांच्या आतलं कुठलंही बाळ जास्त नाजूक. यात चर्चा नाही.

आंबटगोड
डॉक्टर, ते अडीच वाजता कुठे बसलेली असशील हे लाखातलं विचारलंत. आमच्याकडे दोन हजार गोष्टींची यादी केली होती, स्टरलायझर काय नि डायपर बिन काय, आणि रात्री पाजायचं कुठे बसून हे कुणी बोललंच नव्हतं. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून बायका हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन पाजतात, माझ्या बहुतेक मैत्रिणींनी हेच केलंय. मोडू दे की झोप! त्याला उठवा.

रेवती, आणखी एक, खाली गादी घालायचा विचार असेल तर सीझर झालं तर काय हे धरून चाल. टाके असताना जमिनीवरून उठणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. मला पहिले काही आठवडे कुणीतरी हाताला धरून उठवायचं. म्हणून आम्ही पलंगाच्या उंचीचं छोटं बासिनेट भाड्याने घेतलं, पुण्यात मिळतात भाड्याने, आणि टाके भरल्यावर खाली शिफ्ट झालो. क्रिब घेतलाच नाही. जागाच नव्हती.

हुज्जतखोर
हे अमेरिकेचं सगळं त्यांच्या मऊ बेडसाठी आणि कंपन्यांना क्रिब विकायला आहे. जपानमध्ये आया पिढ्यान्‌पिढ्या बाळाजवळ झोपतात आणि तिथे हे झोपेतले मृत्यू कमी आहेत. आपल्याकडेही हजारो वर्षं तेच. उगाच घाबरवू नका पहिलटकरणीला.

वजनकाटा
@हुज्जतखोर, जपानचं प्रमाण कमी आहे हे खरं. पण तिथे टणक फुतॉन (जपानी गादी) जमिनीवर, पलंगावरून पडायचा प्रश्न नाही, बायकांमध्ये सिगरेट कमी. तुम्ही ते घेऊन दहा इंची मेमरी फोमवर, दोन जाड उशा, एक डबल रजई आणि मध्ये बाळ असं करणार असाल तर जपानचं नाव घेऊ नका. काकूंची पिंजाऱ्याची गादी आणि वेगळी चटई हे मला फॅन्सी क्रिबइतकंच चालेल.

नाशिकची_काकू
स्क्रीनशॉट काढला. सुनेला पाठवते.

लीड्सवाली_वहिनी
इथे यूकेत मिडवाइफ आणि नंतर हेल्थ व्हिजिटर घरी येऊन "बाळ कुठे झोपतं दाखवा" म्हणतात, खोलीत आत जाऊन बघतात. भर असतो तो खोली 16 ते 20 डिग्री ठेवण्यावर, आणि बाळाचे पाय कॉटच्या पायथ्याला टेकतील असं ठेवायचं म्हणजे पांघरुणात खाली सरकत नाही. आमच्या सासूबाई भारतातून आल्या त्या तीन स्वेटर, कुंची, मोजे घेऊन, आणि इथली बाई म्हणते सगळं काढा. दोघींच्या मध्ये मी. शेवटी छातीला किंवा मानेला हात लावून बघायचं हे ठरलं, हातपाय गार असले तरी चालतात. अवांतर: फिनलंडमध्ये सरकार बाळाच्या सामानाचा पुठ्ठ्याचा खोका देतं, 1938 पासून, आणि त्या खोक्यातच तळाला गादी घालून बाळ झोपवतात. क्रिबच्या किमती बघून मला रोज तो खोका आठवायचा.

वऱ्हाडी_ठेचा
16 ते 20?? आमच्या नागपुरात मे महिन्यात खोली 34 ला आली तर पेढे वाटतो आम्ही. आमची पोरगी एप्रिलची. कूलर खोलीत पण झोत बाळावर नाही, पंखा चालू, अंगात फक्त सुती झबलं. आजी येऊन कान बांधून जायची, मी सोडून टाकायचो, दिवसभर हाच खेळ चालायचा नं बाप्पा.

वजनकाटा
बरोबर केलंत. घरात झोपताना टोपी नको, बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं, ती कोंडते, आणि टोपी घसरून तोंडावरही येते. जन्मल्यावरचे पहिले तास आणि कमी वजनाची बाळं यांचं वेगळं, तिथे ऊब हेच औषध असतं.

आशाताई_माण
मी माण तालुक्यात आशा म्हणून काम करते, पहिल्यांदाच इथे लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. बाळंतपणानंतर आम्ही घरी भेटी देतो, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. तुम्ही सगळे क्रिब की पाळणा विचारताय, मला दार उघडल्यावर आधी बघावं लागतं की खोलीत हवा आहे का. बाज असते, बाजेवर बाळंतीण आणि बाळ, बाजेखाली शेगडी, त्यात निखारे, वर ओवा-शेपा टाकलेल्या, खिडकीला घोंगडं, दार बंद कारण वारं लागंल. आत गेलं की डोळ्यांतून पाणी येतं. निखाऱ्याच्या त्या वायूला वास नसतो, धूर नसला तरी तो असतोच, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो आणि बाळाचं तर एवढंसं शरीर. मी सासूला सांगते, शेक द्यायचा तर द्या, शेक झाला की शेगडी बाहेर आणि खिडकी उघडी. "बंद करा" म्हटलं तर ऐकत नाहीत, "बाहेर ठेवा" म्हटलं तर ऐकतात.
आणि वजन कमी असलेलं बाळ असलं की आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी, कांगारूसारखं. एका घरी आजोबांनी घेतलं होतं, पैरणीच्या आत, नुसती टोपी दिसत होती. पण तेव्हा घेणारा जागा पाहिजे.

वजनकाटा
आशाताई, तुम्ही लिहीत राहा हो.

मध्यरात्रीचा_बाबा
बाबा लोकांसाठी दोन ओळी लिहितो कारण धाग्यात आपण फक्त घोरायला आणि टेप लावायला आलोय. आम्ही वाटणी केली होती, पाजायचं तिने, त्यानंतरचं सगळं मी, म्हणजे ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा आणि परत त्याच्या जागी ठेवायचं. ती पाजता पाजता झोपली तरी बाळ माझ्या हातात येतं त्यामुळे कुशीत राहून जायचा प्रश्नच नाही. पॅटर्निटी लीव्ह संपली की अवघड होतं, पण पहिले आठवडे काढले की बाळाचाही थोडा अंदाज येतो. ठेवताना आधी बूड, मग पाठ, मग डोकं, आणि हात लगेच काढायचा नाही. थेट डोकं आधी टेकवलं की दचकून हात पसरतं आणि परत शून्यापासून सुरुवात.

रेवती_कराड
बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांना थँक्यू, आशाताईंचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती जरा गप्प झाली कारण शेगडी आमच्याकडेही काढून ठेवलीय.
डॉक्टर, अजून थोडं विचारते. एक, डोकं गोल व्हायला राईची उशी शिवून तयार आहे. दोन, पाठीवर झोपवलं आणि दूध वर आलं तर ठसका लागेल म्हणून मावशी कुशीवर ठेवायला सांगतात. तीन, डास, कराडला नदीकडेला भयंकर आहेत. चार, घट्ट बांधून ठेवलं की बाळ चांगलं झोपतं हे खरं का? आणि पाळण्याचं काय, आईचा जीव आहे त्याच्यात.

वजनकाटा
राईची उशी बारशाच्या फोटोला ठेव. झोपताना उशी कुठलीच नको. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून मान आज उजवीकडे उद्या डावीकडे, आणि जागं असताना समोर बसून पोटावर थोडा थोडा वेळ, घरी आल्यापासून चालू कर.

दुधाचं उलट आहे. पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला चढावं लागतं. पालथं असलं की तेच दूध उतारावर येतं. कुशीवर ठेवलेलं बाळ थोड्या वेळाने पालथं होतं, ती जागा स्थिर नाही. बाळ सारखंच ओकत असेल किंवा वजन धरत नसेल तर दाखवायला हवं, उशी हा त्यावर उपाय नव्हे.

डासांना मच्छरदाणी. कॉइल बाळाच्या खोलीत नको, अगरबत्ती-धूपही नको, लहान फुप्फुसांना तो धूरच आहे. ती छत्रीसारखी उघडणारी जाळी घेतलीस तर आकाराने मोठी घे, जाळी चेहऱ्यापासून लांब राहिली पाहिजे आणि कडा गादीखाली खोचलेल्या.

गुंडाळायचं तर पातळ सुती दुपटं, छातीशी बेताचं, आणि कमरेखाली सैल, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा सरकू शकतो. आणि वळायची धडपड दिसली की त्या दिवशी गुंडाळणं बंद, गुंडाळलेलं बाळ पालथं झालं तर त्याला हात वापरता येत नाहीत.

पाळण्याचं सुताराला विचारूया, मला लाकडातलं कळत नाही.

रंधा
सुतार नाही पण फर्निचरच्या धंद्यात आहे. जुना पाळणा वापरता येतो, नीट बघून घ्यायचा. पट्टी घेऊन दांड्यांमधलं अंतर मोजा, 6 सेंमीच्या वर असेल तर बाळाचं अंग निसटून डोकं अडकू शकतं. जुन्या पाळण्यात अंतर जास्त असतंच, कारण त्यात पूर्वी गोधडीची घडी कडेपर्यंत भरायचे. मधे दांड्या वाढवून घ्या, आतून कापड बांधून फट झाकू नका. गादी पाळण्याच्या मापाची, टणक, कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, आणि तळ सपाट पाहिजे, मध्ये झोल आलेली पट्टी असेल तर बदला. कड्या आणि साखळी जिथे घासते तिथे बघा, पितळ झिजून अर्धं झालेलं असतं आणि वरून चकचकीत दिसतं. मी हातात धरलंय असं एक, नखाएवढं जाड राहिलं होतं.

पॉलिशचं नीट ऐका. नुसतं सागवान असेल तर ठीक, पण त्याच्यावर हिरवा-लाल जुना रंग असेल तर घरात घासायचा नाही, जुन्या रंगात शिसं असायचं, आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. ती धूळ पोटुशा बाईने घेऊ नये आणि बाळाने तर नाहीच. वर्कशॉपला पाठवा. राघू-मैना लोंबत्या दोरीच्या असतील तर बाळाच्या हाताला लागतील इतक्या खाली नकोत.

नाशिकची_काकू
आणि झोका द्यायचा तो झोपेपर्यंत. झोपलं की खुंटी लावून स्थिर करायचा, नाहीतर कलंडतं एका बाजूला. हे मला माझ्या सासूने सांगितलं होतं, त्यांना कुठल्या अ‍ॅकॅडमीने सांगितलं ते विचारायचं राहिलं.

हुज्जतखोर
म्हणजे शेवटी पाळणाच. एवढे प्रतिसाद कशाला मग.

आंबटगोड
तू आहेस ना म्हणून.

रेवती_कराड
@रंधा, मोजलं. दांड्यांमध्ये साडेआठ सेंमी!! आईला दाखवलं, तिने दोनदा स्वतः मोजलं. सुतार उद्या येऊन घेऊन जातोय, दांड्या वाढवणार, रंग नाहीये नशिबाने, नुसतं पॉलिश. तर ठरलं ते असं, कराडला रात्री पाळणा माझ्या पलंगाला लागून, खुंटी लावून, मी पाजणार पलंगावर पाठ टेकून आणि आई शेजारच्या कॉटवर, ती म्हणते तुझा डोळा लागला तर मी उचलून ठेवते. झोळीची नऊवारी मावशींना परत दिली, त्या रुसल्यात. पुण्याला गेल्यावर भाड्याचं बासिनेट, वळायला लागलं की हॉलमधला सोफा हलवून बेडरूममध्ये खाली गाद्या. क्रिब विशलिस्टमधून गेला, नवऱ्याने एअर फ्रायर टाकलाय.
@आंबटगोड, ते भाड्याने कुठल्या भागात मिळालं? विपू (माझ्या विचारपुशीत निरोप) कर.

आंबटगोड
केली. घेताना चाकांचे ब्रेक लागतात का ते तिथेच तपासून घे, आणि त्यांची गादी मऊ असेल तर सांगून टणक मागून घे, असते त्यांच्याकडे.

वऱ्हाडी_ठेचा
एअर फ्रायर चांगलाय, त्यात रात्री तीनला पोहे भाजता येतात. अनुभव.